कोरड्या रंगाची गोष्ट

'रंग वाळतो म्हणजे नेमके काय होते?' हा प्रश्न एकदा आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, 'त्यातले पाणी उडून जाते.' भिंतीच्या डिस्टेंपरपुरते हे उत्तर बरोबर आहे. लोखंडी कपाटाला किंवा ग्रिलला लावायच्या तेलरंगात मात्र पाणी नसते, द्रावक असते. टर्पेंटाइन, टोल्युइन, झायलीन असे पदार्थ. बोलीभाषेत 'थिनर'.

अशा रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पृष्ठभागाला चिकटून पापुद्रा बनवणारी राळ, रंग देणारी रंगद्रव्याची पूड आणि द्रावक. यातल्या पहिल्या दोन वस्तूवर शेवटपर्यंत राहतात. द्रावकाचे काम फक्त हमालीचे. राळ आणि पूड यांना डब्यातून पत्र्यापर्यंत वाहून न्यायचे, सारखे पसरवायचे आणि मग हवेत निघून जायचे. या हमालाची मजुरी मात्र मोठी असते. जुन्या लॅकरच्या डब्यात तर अर्ध्याहून जास्त वजन याचेच असे. म्हणजे आपण डबाभर रंग विकत घेतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग आकाशाला देऊन टाकतो.

हा हमाल नकोच असे म्हटले तर काय होईल? अमेरिका-युरोपात जुन्या मोटारी दुरुस्त करणारे हौशी लोक घरामागच्या गॅरेजमध्ये याचे उत्तर प्रत्यक्ष वापरतात. ब्रॅकेट, इंजिनावरची झाकणे, चाके असे सुटे भाग ते घासून-धुऊन कोरडे करतात, तारेच्या हुकाला टांगतात आणि एका छोट्या गनमधून त्यांच्यावर टाल्कम पावडरीसारखी बारीक पूड उडवतात. पूड चिकटून बसते. मग तो भाग विजेच्या भट्टीत, म्हणजे ओव्हनमध्ये, सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला ठेवला की पूड वितळते, एकसंध होते आणि कडक, चकचकीत थर तयार होतो. यालाच पावडर कोटिंग म्हणतात. थिनरचा एक थेंब नाही आणि वाळण्याची वाट पाहणेही नाही. कारखान्यात जन्मलेले हे तंत्र १९९०च्या दशकात स्वस्त, लहान गनच्या रूपाने घरोघरच्या गॅरेजमध्ये पोचू लागले. हवा, स्थिर विद्युत आणि उष्णता या तीन गोष्टींनी द्रावकाची हमाली आपसात वाटून घेतली आहे. ही वाटणी कशी झाली, त्याचा हा इतिहास.

वाळण्याची रांग

मोटार उद्योगाच्या सुरुवातीला रंग ही मोठीच अडचण होती. हेन्री फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३मध्ये सरकती जुळणी सुरू झाली आणि सांगाडा जोडायला लागणारा साडेबारा तासांचा वेळ वर्षभरात दीड तासावर आला. पण रंग काही सरकत्या पट्ट्याचे ऐकत नाही. त्या काळी चांगल्या मोटारींना घोडागाडीसारखेच ब्रशने व्हार्निश देत. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा दुसरा. एकेका गाडीच्या रंगकामाला आठवडे लागत. गाड्या तयार होत, पण वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या धूळमुक्त खोल्यांत जागा अडवून बसत.

फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी ही गाडी फक्त काळ्या रंगात विकली, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्या गाडीचे बरेच भाग डांबरवर्गीय पदार्थ असलेल्या काळ्या एनॅमलमध्ये बुडवून भट्टीत भाजत. काळा रंग लवकर वाळतो म्हणून तो निवडला, असे सर्रास सांगितले जाते. स्वस्त, टिकाऊ आणि एकच रंग म्हणजे कारखान्यात कमी घोळ, हे कारण मला जास्त पटते. काहीही असले तरी भट्टीत भाजून रंग पक्का करण्याची रीत तेव्हापासूनच मोटारीच्या ओळखीची आहे, एवढे लक्षात ठेवू.

अडचण सुटली ती वेगळ्याच दिशेने. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीकडे बंदुकीची दारू बनवण्याची प्रचंड यंत्रणा रिकामी पडली होती. या दारूचा मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ते द्रावकात विरघळवून लॅकर बनवता येत असे, पण फार घट्ट होई. फवारण्याजोगे पातळ केले तर पापुद्रा अगदीच तलम येई. १९२०च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतील पार्लिन येथे नायट्रोसेल्युलोजच्या द्रावणाचे एक पिंप सुट्टीच्या दिवसांत उन्हाळ्याच्या उष्म्यात पडून राहिले. परत येऊन पाहतात तो घट्ट द्रावण पातळ झालेले! त्यातूनच 'ड्यूको' हे लॅकर जन्मले आणि १९२३-२४मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात झळकले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, आणि काळ्याखेरीज इतर रंगही स्वस्त झाले.

हे लॅकर ब्रशने नव्हे, गनने फवारत. या गनचा पूर्वजही गमतीदार आहे. ओहायोतील टोलेडो गावच्या ॲलन डिव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या घशात औषध उडवण्यासाठी फवारा बनवला होता. त्यांच्या मुलाने पुढे त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली.

पण या वेगाची किंमत होतीच. फवारलेल्या रंगाचा मोठा भाग वस्तूला न लागता बाजूने निघून जाई, आणि द्रावक तर सगळेच हवेत. त्या हवेत दिवसभर उभा राहून श्वास घेणारा कामगार असे. शहराच्या हवेचा विचार तर कोणाच्या मनातही नव्हता.

तो विचार लॉस एंजेलिसने करायला लावला. १९४०च्या दशकात या शहरावर डोळ्यांना झोंबणारे तपकिरी धुके उतरू लागले. लोक कारखान्यांच्या काजळीला दोष देत होते. अननसाच्या स्वादाची रसायने अभ्यासणारे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले की, वाहनांतून आणि तेलशुद्धीकरणातून निघणारी हायड्रोकार्बनची वाफ व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन तयार होतो. धुक्याचे मूळ तिथे आहे. मग रंगातून उडणाऱ्या द्रावकांकडेही लक्ष गेले. १९६६मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने 'नियम ६६' करून अशा द्रावकांवर मर्यादा घातली, आणि १९७०मध्ये अमेरिकेत देशव्यापी स्वच्छ हवेचा कायदा आला. द्रावकाशिवायचा रंग तोवर शोधला गेला होता. पण तो वापरायला सबळ कारण मिळाले ते या धुक्यामुळे.

धुळीने काढलेली चित्रे

पूड पत्र्याला चिकटते कशी? हे समजून घ्यायला दोन शतके मागे जायला हवे. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गेओर्ग ख्रिस्टोफ लिख्टेनबर्ग हे भौतिकीचे प्राध्यापक होते. घर्षणाने विद्युतभारित होणारी राळेची एक भली मोठी तबकडी त्यांनी बनवली होती. ती घासून गुळगुळीत करताना राळेची बारीक धूळ खोलीभर झाली. १७७७मध्ये त्यांच्या लक्षात आले की, तबकडीवर परत बसणारी धूळ सारखी पसरत नाही. तिच्यातून चांदण्यांसारख्या, फांद्याफांद्यांच्या आकृत्या उमटतात. जिथे भार, तिथे धूळ. पुढे गंधक आणि शेंदूर यांच्या पुडीचे मिश्रण वापरून हा प्रयोग अधिकच देखणा झाला. एकमेकांवर घासल्याने गंधक ऋणभारित आणि शेंदूर धनभारित होतो. त्यामुळे पिवळी पूड तबकडीच्या धन भागांवर आणि तांबडी ऋण भागांवर बसते.

कोरडी पूड विजेने हव्या त्या जागी बसवता येते, हे म्हणजे तेव्हाच माहीत झाले. उपयोग मात्र दीडशे वर्षांनी सुचला, आणि तोही वेगवेगळ्या लोकांना. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी १९०७च्या सुमारास सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातले धुके पकडण्यासाठी उच्च दाबाच्या विजेने कणांना भारित करून पट्ट्यांवर ओढून घेतले. औष्णिक वीज केंद्रांच्या धुराड्यांतली राख आजही याच रीतीने अडवतात. १९३८मध्ये चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून भारित केली, काचेवर लिहिलेल्या अक्षरांतून तिच्यावर प्रकाश टाकला आणि मग लायकोपोडियमची पूड उधळली. अक्षरे पुडीत उमटली. हीच झेरॉक्सची सुरुवात. झेरॉक्सच्या यंत्रातून येणारा कागद गरम का लागतो, हे मुलांना जरूर विचारा. पूड विजेने बसवायची आणि उष्णतेने वितळवून पक्की करायची. म्हणजे कागदावरचे पावडर कोटिंगच ते. आणि १९४०च्या दशकात इंडियानापोलिसचे हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांनी ओल्या रंगाच्या फवाऱ्याला विद्युतभार देऊन तो वस्तूकडे वळवला. त्यांच्या घरचा कारखाना स्वयंपाकघरातल्या डब्यांचा. रंगाची नासाडी कमी झाली, पण द्रावक होते तिथेच होते.

उकळणारी पूड

दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिथिलीन, नायलॉन यांसारखी प्लास्टिके आली. त्यांचा थर धातूवर द्यावा असे कारखान्यांना वाटे. पॉलिथिलीन साध्या तापमानाला कुठल्याच नेहमीच्या द्रावकात विरघळत नाही. तेव्हा त्याची पूड ज्योतीतून फवारत, म्हणजे ती वाटेतच वितळून पत्र्यावर आदळे. या पद्धतीत पूड फार वाया जाई आणि जळेही.

जर्मनीतील क्नापझाक-ग्रिसहाइम कंपनीतले एर्विन गेमर यांनी याहून सोपी युक्ती शोधली. त्यांनी १९५३मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५८मध्ये अमेरिकेचेही पेटंट मिळाले. एक टाकी घ्यायची, तिचा तळ सच्छिद्र ठेवायचा आणि खालून हळूहळू हवा सोडायची. हवेचा वेग योग्य असला की प्रत्येक कण उचलला जातो, पण उडून जात नाही. पूड फुगते, तिचा पृष्ठभाग पाण्यासारखा सपाट होतो, बुडबुडे येतात. अशा 'उकळत्या' पुडीत तापवलेला लोखंडी भाग बुडवला की लागलेले कण वितळतात आणि थर तयार होतो. पुडीला द्रवासारखे वागायला लावण्याचे हे तंत्र गेमर यांचे स्वतःचे नव्हे. फ्रिट्झ विंकलर यांनी १९२२मध्येच जर्मनीत कोळशापासून वायू करण्यासाठी ते वापरले होते. ते रंगकामात आणणे हे गेमर यांचे श्रेय.

शाळेत याचे प्रात्यक्षिक होऊ शकते. तीनेक सेंटिमीटर रुंदीच्या पारदर्शक नळीच्या तळाला घट्ट विणीचे कापड बांधा, वर अगदी बारीक, कोरडी, चाळलेली वाळू घाला आणि खालून माशांच्या टाकीच्या पंपाने हवा सोडा. हवा पुरेशी झाली की वाळूवर ठेवलेली काचेची गोटी बुडते आणि पिंगपाँगचा चेंडू तरंगतो. वाळूच वापरा, पीठ किंवा हळद नको. त्याचे कारण पुढे येईल.

गेमर यांच्या रीतीत एक मर्यादा होती. थर जाड येई, एक चतुर्थांश मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. पातळ पत्रा तर पुरेशी उष्णताच धरून ठेवत नाही. व्हॉल्व्ह, तारेच्या जाळ्या यांना हे चालले, मोटारीच्या नाजूक भागांना नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात या उकळत्या पुडीची विजेशी गाठ पडली. ग्रनोबल येथे नोएल फेलिसी यांच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या सामेस कंपनीचा यात मोठा वाटा आहे. आता वस्तू थंडच ठेवायची. टाकीतली पूड हवेबरोबर नळीतून गनमध्ये येते. गनच्या तोंडाशी एक टोकदार सुई, तिच्यावर साठ ते शंभर हजार व्होल्टचा ऋण दाब. टोकाभोवती हवेचे आयनीकरण होते, ते आयन कणांना चिकटतात आणि भारित कण अर्थिंग केलेल्या वस्तूकडे ओढले जातात. विद्युतप्रवाह असतो काही मायक्रोअँपिअरचा, म्हणून ही गन हातात धरता येते.

वस्तू धातूची आणि जमिनीला जोडलेली. मग कणाचा भार लगेच निघून जाऊन पूड खाली का पडत नाही? कारण राळ उत्तम विद्युतरोधक आहे. भार कणावरच अडकून राहतो, धातूत समोरासमोर विरुद्ध भार निर्माण करतो आणि त्याच्या ओढीने भट्टीत जाईपर्यंत चिकटून बसतो. ज्या गुणामुळे प्लास्टिकचा कंगवा कागदाचे कपटे धरून ठेवतो, तोच हा गुण. पुढे काही गनमधून सुई काढून टाकण्यात आली. टेफ्लॉनच्या नळीला घासत जाताना पूड नुसत्या घर्षणाने भारित होते. म्हणजे पुन्हा कंगवाच!

पुडीतही बदल झाले. सुरुवातीला राळ, रंगद्रव्य आणि कडक करणारे रसायन नुसतेच एकत्र दळत. फवारताना ते वेगळे पडत. मग त्यांचा वितळवून एकजीव लगदा करायचा, थंड करायचा आणि दळायचा, अशी रीत आली. कण साधारण तीस-चाळीस मायक्रॉनचे आणि थर साठ ते ऐंशी मायक्रॉनचा. एपॉक्सी राळ उन्हात भुरी पडते म्हणून बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर आले. त्याला कडक करणारे टीजीआयसी हे रसायन जनुकांना अपायकारक ठरून १९९०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात विषारी म्हणून नोंदले गेले. तिथे त्याला पर्याय वापरतात. इतरत्र ते अजून वापरात आहे. तेव्हा द्रावक नाही म्हणजे मास्कही नको, असे समजण्याचे कारण नाही.

फॅरडे आणि चाकाची खोबण

घरी पावडर कोटिंग करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो मोटारीच्या चाकावर. बाहेरच्या कडेवर पूड भराभर बसते, पण आऱ्यांमधल्या खोल खोबणीत काही केल्या जात नाही. नवशिक्या मनुष्य व्होल्टेज वाढवतो, आणि खोबण आणखीच कोरडी राहते.

मायकेल फॅरडे यांनी १८३६मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा एक पिंजरा बनवला, त्यावर वाहक आवरण दिले आणि स्वतः आत जाऊन बसले. बाहेरून ठिणग्या उडत होत्या, पण आतल्या नाजूक विद्युतदर्शकांना त्याची दादही नव्हती. वाहकाच्या पोकळीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही. चाकाची खोबण म्हणजे अर्धवट उघडा पिंजराच. क्षेत्ररेषा कडांवर गर्दी करतात आणि पूड त्यांच्या मागोमाग जाते. उपाय नेमका उलटा आहे. व्होल्टेज कमी करायचे, हवेचा झोत हलका ठेवायचा, खोबण आधी फवारायची, नाही तर घर्षणाची गन वापरायची. पाठ्यपुस्तकात विजेच्या वेळी मोटारीत बसणे सुरक्षित का, एवढ्यापुरताच फॅरडेचा पिंजरा येतो. त्याच मोटारीच्या चाकात तो रंगाऱ्याला रोज अडवतो, हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

दुसरा धडा भट्टीचा. 'दोनशे अंशांना दहा मिनिटे' असे डब्यावर लिहिलेले असते ते धातूच्या तापमानाबद्दल, भट्टीतल्या हवेच्या नव्हे. जाड बीडाचा भाग तितका तापायलाच अर्धा तास घेऊ शकतो. घाई केली तर थर चकचकीत दिसतो, पण अर्धा कच्चा राहतो आणि बोल्ट आवळताच टवका उडतो. बहुतेक ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांची ताकद कारखान्यात दीडशे-एकशेसाठ अंशांच्या आसपास दिलेल्या नियंत्रित उष्णतेने आलेली असते. ती दोनशेच्या वर वारंवार किंवा बराच वेळ भाजली तर नरम पडू शकतात. गाडीचे वजन पेलणाऱ्या भागाच्या बाबतीत ही हौस महागात पडेल. शॉक ॲब्सॉर्बर किंवा पेट्रोलची टाकी भट्टीत घालणे म्हणजे तर स्फोटाला आमंत्रण.

स्फोटाची भीती पुडीलाही आहे. द्रावकाची वाफ पेटते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण कोणत्याही जळणाऱ्या पदार्थाची बारीक धूळ हवेत पुरेशी दाट झाली तर तीही भडकते. पिठाच्या गिरण्यांत असे स्फोट झालेले आहेत. पावडर कोटिंगच्या पुडीला घनमीटरभर हवेत काही दहा ग्रॅम एवढे प्रमाण पुरते, आणि अर्थिंग नीट नसेल तर ठिणगी तिथेच तयार असते. म्हणूनच वर पीठ नको म्हटले. कारखान्यात बूथमधून हवा सतत खेचून घेतात आणि खाली पडलेली पूड गाळून पुन्हा वापरतात. एकच रंग चालू असेल तर जवळजवळ सगळी पूड कामी येते. घरच्या गॅरेजमध्ये खेचणारा पंखा नसतो आणि गाळणीही नसते. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरू नये, आणि एकदा वापरला तर पुन्हा त्यात अन्न शिजवू नये, हे गन विकणारेच बजावतात.

पुणे-पिंपरीपासून नाशिकच्या सातपूरपर्यंतच्या आपल्या औद्योगिक वसाहतींत 'पावडर कोटिंग जॉबवर्क' अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. शेजारीच 'सेव्हन टँक प्रोसेस' असेही लिहिलेले असते. तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे आणि मधली धुणी, अशा त्या ओळीने मांडलेल्या टाक्या. विद्यार्थ्यांची भेट ठरवलीत तर गनपेक्षा या टाक्यांपाशी जास्त वेळ थांबा. थर टिकतो की गंज धरून सुटतो, हे बरेचसे तिथेच ठरते.

मोटारीची बाह्य काया मात्र अजून बहुतांशी ओल्याच रंगाची आहे. १९९३मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन प्रतिस्पर्ध्यांनी कमी उत्सर्जनाच्या रंगासाठी एकत्र प्रयोग सुरू केले. बीएमडब्ल्यूने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंगोल्फिंग येथे वरचा पारदर्शक थर पुडीचा देऊन दाखवला. पण पुडीचा थर जाड येतो, त्यावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड राहते, रंग बदलायचा तर सगळी यंत्रणा झाडून-पुसून काढावी लागते आणि प्लास्टिकचे बंपर दोनशे अंशांत टिकत नाहीत. बहुतेक कारखान्यांनी त्याऐवजी पाण्यात मिसळलेल्या रंगाचा मार्ग धरला.

घरी बसलेला थर बिघडला तर तो काढायचा कसा, हा प्रश्न उरतोच. पक्का झालेला थर साध्या थिनरला दाद देत नाही. हौशी लोक त्यासाठी वर्षानुवर्षे मिथिलीन क्लोराइड हे द्रावक वापरत आले. पुढच्या दाराने घालवलेला हमाल असा मागच्या दाराने परत आला, आणि तोही जास्त घातक. बंद जागेत त्याच्या वाफेने माणसे दगावली आहेत. युरोपीय संघाने २०१० ते २०१२ या काळात आणि अमेरिकेने २०१९मध्ये रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकांना त्याची विक्री बंद केली. आता कारखाने असा थर भट्टीत जाळून काढतात किंवा वाळूसारख्या कणांचा मारा करून उडवतात. ॲल्युमिनियमच्या चाकाला जाळण्याची भट्टी चालत नाही. तिथे कणांचा मारा, तोही हलक्या हाताने, हाच उपाय उरतो.